घरच्या कागदपत्रांसाठी स्कॅनर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खरेदीखत, फेरफार, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, विम्याच्या पॉलिसी, दवाखान्याच्या फायली, आजोबांची पत्रं. घरातल्या लोखंडी कपाटात असं बरंच काही असतं, आणि त्यातला एखादा कागद हरवला की कचेऱ्यांचे खेटे सुरू होतात. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळुणात पुराचं पाणी घरात शिरलं, तेव्हा भांडीकुंडी परत घेता आली; कागद परत मिळवणं फार अवघड गेलं. त्यामुळे घरच्या कागदांची चांगली प्रत असावी असं मला कळकळीनं वाटतं. स्कॅनर निवडताना मात्र लोक खोक्यावरचा डीपीआयचा (एका इंचात किती बिंदू टिपले जातात त्याचा) आकडा बघतात. आधी बघायला हवा तो आपला गठ्ठा: कागद किती आहेत, सुटे आहेत की शिवलेले, नवे आहेत की जीर्ण, आणि केवढे मोठे.

मोबाइलनं फोटो काढता येतो, मग वेगळा स्कॅनर कशाला?

महिन्याला दहा-पंधरा पानं असतील तर नकोच. गूगल ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये कागद स्कॅन करायची सोय आहे, आयफोनच्या नोट्समध्ये ती २०१७ पासून आहे. खिडकीजवळ दिवसाउजेडी, गडद रंगाच्या टेबलावर कागद सपाट ठेवून काढलेलं पान बहुतेक कामांना चालतं.

अडचण येते ती पानांची संख्या वाढली की. हाताची सावली पडते, कडा तिरक्या येतात, घडीचा भाग धूसर होतो, आणि पन्नासाव्या पानापर्यंत लक्ष उडालेलं असतं. शिवाय स्कॅनरवर कागदाचं खरं माप जसंच्या तसं येतं. मोबाइलमध्ये ते अंदाजानं ठरतं. नकाशा किंवा मोजणीची प्रत असेल तर हा फरक महत्त्वाचा आहे.

अनोळखी फुकट अ‍ॅप मात्र घेऊ नका. कॅमस्कॅनर आपल्याकडे घरोघरी होतं. २०१९ मध्ये त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत घातक कोड सापडला, आणि जून २०२० मध्ये भारत सरकारनं बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये त्याचंही नाव होतं. आपले कागद कोणाच्या सर्व्हरवर जातात हे ठाऊक नसेल तर त्यातून आधार आणि बँकेचे कागद पाठवू नयेत.

काचेचा फ्लॅटबेड घ्यावा की कागद आपोआप ओढणारा?

इथेच खरा निर्णय होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फ्लॅटबेडमध्ये काचेवर एकेक पान ठेवायचं, झाकण लावायचं. कॅननचा लाइड ३०० हे घरगुती फ्लॅटबेडचं नेहमीचं उदाहरण. तो यूएसबीच्या तारेवरच चालतो, वेगळा प्लग लागत नाही, आणि ३०० डीपीआयला रंगीत ए-फोर पान साधारण १० सेकंदांत घेतो. झाकण उघडणं, पान बदलणं, सरळ करणं धरलं तर पानाला सहज अर्धा मिनिट जातं. दोन्ही बाजूंनी छापलेले ५०० कागद म्हणजे हजार पानं, म्हणजे आठ तासांहून जास्त काम.

दुसऱ्या प्रकारात वर ट्रे असतो. गठ्ठा ठेवला की रबरी रोलर एकेक कागद आत ओढतात आणि दोन सेन्सर दोन्ही बाजू एकाच फेरीत टिपतात. या ट्रेला एडीएफ म्हणतात. स्कॅनस्नॅप आयएक्स १६०० (पूर्वी फुजित्सु, आता रिको या नावानं येतो) ट्रेमध्ये ५० कागद घेतो आणि मिनिटाला ४० ओढतो. तेच ५०० कागद ट्रे भरण्याच्या वेळेसकट अर्ध्या तासाच्या आत होतात. एप्सन, ब्रदर, कॅनन आणि एचपी यांचेही असे स्कॅनर आहेत.

वेग बघून मोह होतो, पण आपल्या घरातल्या कागदांकडे नीट बघा. पासबुक ओढता येत नाही. रेशनकार्ड, पासपोर्ट, शिवलेलं खरेदीखत, घडीवर फाटत आलेला दाखला, चिकटपट्टी लावलेला फेरफार, लॅमिनेशन केलेली गुणपत्रिका यांतलं काहीही रोलरमध्ये घालू नये. जीर्ण कागद रोलरमध्ये अडकून फाटला तर तो कायमचा गेला. काही स्कॅनरबरोबर पारदर्शक पाकीट मिळतं, त्यात नाजूक कागद घालून ओढता येतो. पण एकुलत्या एका मूळ कागदाला मी तेही करणार नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बहुतेक घरांना फ्लॅटबेडच योग्य. घरातून व्यवसाय चालत असेल, जीएसटीची बिलं असतील, सोसायटीचे हिशेब तुमच्याकडे असतील, वकिली किंवा करसल्ल्याचं काम असेल, म्हणजे सुटे, नवे, शेकड्यांनी येणारे कागद असतील, तर एडीएफला पर्याय नाही. आणि एकदाच हजारभर पानांचा ढिगारा उपसायचा असेल तर एडीएफ चार दिवसांसाठी एखाद्या ओळखीच्या ऑफिसातून मागून आणा, विकत नको.

दोन्ही एकत्र मिळत नाही का?

मिळतं. काचही आणि वर एडीएफही असलेले स्कॅनर येतात. जागा जास्त लागते आणि किंमतही चढते, पण मिश्र गठ्ठ्याला याहून सोयीचं काही नाही.

स्टँप पेपर ठेवला की खालची सही कापली जाते. असं का?

फार जणांना हे यंत्र घरी आणल्यावर कळतं. घरगुती फ्लॅटबेडची काच साधारण २१६ × २९७ मिलिमीटर असते, म्हणजे ए-फोरपुरती. स्टँप पेपर आणि जुने करार बहुधा लीगल आकाराचे, ३५६ मिलिमीटरपर्यंत लांब असतात. शेवटचे पाच-सहा सेंटीमीटर बाहेर राहतात, आणि सह्या, साक्षीदार, नोंदणीचे शिक्के तिथेच असतात.

उपाय तीन. घरात अशी कागदपत्रं खूप असतील तर लीगल आकाराच्या काचेचा फ्लॅटबेड शोधा. तो महाग पडतो. कागद सुटे आणि भक्कम असतील तर एडीएफमध्ये लांबीची अडचण येत नाही. मोजकेच असतील तर ए-फोर काचेवर दोन भागांत स्कॅन करा, मध्ये चार-पाच ओळी दोन्ही भागांत येऊ द्या, आणि सॉफ्टवेअरमध्ये जोडा. खरेदीखताची शिवण स्कॅनसाठी उसवू नका. झाकण उघडं ठेवून, वरून पांढरा पुठ्ठा दाबून धरला तरी काम होतं.

डीपीआय किती हवा? खोक्यावर ४८०० लिहिलंय.

कागदपत्रांसाठी ३००. बारीक टाइप, जुनी छपाई किंवा पुसट अक्षरं असतील तर ४००. फोटोंसाठी ६००. याच्या वरचे आकडे कागदासाठी निरुपयोगी आहेत.

ए-फोर पान ३०० डीपीआयला २४८० × ३५०८ बिंदूंचं होतं. रंगीत घेतलं तर न दाबलेली फाइल सुमारे २६ एमबी. तेच ६०० ला चौपट, १०४ एमबीच्या घरात. वेळही तसाच वाढतो आणि वाचताना फरक काही दिसत नाही.

२०० डीपीआय इंग्रजीला चालून जातं, देवनागरीला कमी पडतं. आपले अनुस्वार, रफार, उकार बारीक असतात; कमी डीपीआयला ते ठिपक्यांत विरघळतात. खोक्यावर ‘ऑप्टिकल’ आणि ‘इंटरपोलेटेड’ असे दोन आकडे असतील तर पहिलाच खरा. दुसऱ्यात सॉफ्टवेअरनं मधले बिंदू अंदाजानं भरलेले असतात.

सीआयएस आणि सीसीडी म्हणजे काय?

सेन्सरचे दोन प्रकार. सीआयएस कागदाला अगदी चिकटून बघतो, त्यामुळे स्कॅनर पातळ, हलका आणि स्वस्त होतो. पण कागद काचेवरून थोडा जरी उचललेला असला तरी तेवढा भाग धूसर येतो. सीसीडीत आरसे आणि भिंग असतं. यंत्र जाड होतं, मात्र पुस्तकाच्या शिवणीजवळचा उचललेला भागही वाचण्याजोगा येतो. सपाट कागदांना सीआयएस पुरे. जाड वह्या, पोथ्या, बांधीव दप्तर असेल तर सीसीडी.

रंगीत, ग्रे की काळं-पांढरं?

सही, शिक्का किंवा मुद्रांक असलेला प्रत्येक कागद रंगीत. निळी सही आणि जांभळा शिक्का रंगीत प्रतीतच ओळखू येतात. पासबुकातली डॉट मॅट्रिक्सची फिकी छपाई ग्रेमध्ये घ्या; काळ्या-पांढऱ्यात निम्मे आकडे उडतात. निव्वळ काळं-पांढरं फक्त स्वच्छ, नव्या, छापील मजकुरासाठी.

फाइल लहान करण्याच्या नादात आकडे बदलू शकतात, हेही सांगायला हवं. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञानं दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना ६ च्या जागी ८ टाकत होती. जेबिग२ या पद्धतीत सारखी दिसणारी अक्षरं एकदाच साठवून पुन्हा वापरली जातात, आणि यंत्रानं दोन वेगळे आकडे सारखे धरले होते. चित्र स्वच्छ दिसायचं, त्यामुळे संशयही येत नसे. कंपनीनं नंतर दुरुस्ती दिली. आपण यातून घ्यायचं ते इतकंच: गट नंबर, क्षेत्रफळ, रकमा असलेल्या कागदाला ‘सर्वांत लहान फाइल’ हा पर्याय देऊ नका, आणि आकडे मूळ कागदाशी ताडून बघा.

स्कॅन केलेल्या मराठी कागदात शब्द शोधता येतील का?

येतील, पण स्कॅनरबरोबर आलेलं सॉफ्टवेअर ते करेलच असं नाही. चित्रातली अक्षरं ओळखण्याच्या या कामाला ओसीआर म्हणतात. माहितीपत्रकातल्या भाषांच्या यादीत मराठी आहे का ते घेण्यापूर्वी बघा. नुसती हिंदी असेल तर लिपी ओळखली जाते, पण मराठी मजकुरात चुका वाढतात.

यादीत मराठी नसेल म्हणून चांगला स्कॅनर नाकारू नका. टेसरॅक्ट हे मुक्त ओसीआर मराठी ओळखतं. ते एचपीमध्ये जन्मलं, २००५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं आणि पुढे बरीच वर्षं गूगलच्या पाठबळावर वाढलं. ते वापरायला सोपा मार्ग म्हणजे नॅप्स२ हे फुकट सॉफ्टवेअर: विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, बहुतेक स्कॅनरशी जुळतं, आणि ओसीआरच्या भाषांत मराठी निवडली की शोधता येणारी पीडीएफ तयार करतं. सगळं आपल्याच संगणकावर होतं, कागद बाहेर जात नाही. दुसरा मार्ग, फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडायची. मजकूर सुटा मिळतो. खासगी कागदांसाठी मी पहिलाच मार्ग सुचवेन.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. संगणकावर जुळवलेला स्वच्छ मजकूर छान ओळखला जातो. खिळ्यांची जुनी छपाई, तुटकी जोडाक्षरं, शिक्क्याखाली गेलेल्या ओळी इथं भरपूर चुका होतात. तलाठ्याच्या हस्ताक्षरातला फेरफार ओळखला जाईल ही आशा धरू नका. अशा फाइलला नाव नीट द्या, तोच शोधायचा भरवशाचा उपाय.

घरात मोडी लिपीतले कागद आहेत.

फ्लॅटबेडवर, रंगीत, ४०० ते ६०० डीपीआयला, टिफ या फाइलप्रकारात. वाचायला मोडीचा जाणकारच लागेल, आणि त्याला अशी प्रत पाठवता आली तर मूळ कागद हाताळावाच लागत नाही.

आधार, पॅन, परवाना यांची कार्डं ओढणाऱ्या स्कॅनरमध्ये चालतात का?

पीव्हीसी कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. कागदाचा रस्ता सरळ असलेले स्कॅनर ते घेतात. आत यू-आकाराचं वळण असेल तर अडकतं. लॅमिनेशन केलेलं कार्ड काचेवरच ठेवा.

आधारची प्रत कोणाला द्यायची असेल तर स्कॅन करण्याऐवजी आधारच्या संकेतस्थळावरून ‘मास्क्ड’ प्रत घ्या. तिच्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात, आणि बऱ्याच ठिकाणी तेवढं पुरतं.

प्रिंटर-स्कॅनर-झेरॉक्स एकत्र असलेलं यंत्र आहे. ते पुरे का?

बहुतेकदा पुरतं. त्याची काच चांगली असेल तर वेगळा फ्लॅटबेड घेण्यात अर्थ नाही. दोन गोष्टी तपासा. त्याचा एडीएफ एकाच बाजूनं स्कॅन करतो का, कारण स्वस्त यंत्रांत तसंच असतं. आणि शाई संपल्यावर स्कॅन चालू राहतं का, कारण काही यंत्रं शाई नसेल तर स्कॅनही अडवतात. नवीन घेताना हे दुकानात स्पष्ट विचारा.

परीक्षेच्या फॉर्मवर फाइल मोठी म्हणून नाकारली जाते.

कारण स्कॅन लहान करायचा राहून गेलेला असतो. आयबीपीएसच्या बँक परीक्षांचं उदाहरण घ्या: फोटो २०० × २३० बिंदू आणि २० ते ५० केबी, सही १४० × ६० बिंदू आणि १० ते २० केबी. पांढऱ्या कागदावर सही करा, २०० डीपीआयला स्कॅन करा, सहीपुरता भाग कापा, मग माप आणि केबी बसवा. मूळ मोठी फाइल जपून ठेवा, प्रत्येक फॉर्मसाठी तिच्यापासून नवी प्रत बनवा. जेपीईजी पुन्हा पुन्हा जतन केली की दर वेळी थोडी बिघडते. जाहिरातीत दिलेली मापं मात्र दर वेळी वाचा, ती परीक्षेगणिक वेगळी असतात.

जुने फोटो आणि निगेटिव्ह?

फोटो फ्लॅटबेडवर, ६०० डीपीआय, रंगीत. कृष्णधवल फोटोसुद्धा रंगीतच घ्या, म्हणजे त्याची मूळ छटा टिकते. चकचकीत फोटो रोलरमधून कधीच नको. निगेटिव्हसाठी झाकणातही दिवा लागतो, तो कागदांच्या स्कॅनरमध्ये नसतो. एप्सन परफेक्शन व्ही ६०० सारखं यंत्र त्यासाठी असतं, आणि डीपीआयचे मोठे आकडे इथेच उपयोगी पडतात: ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट जेमतेम २४ × ३६ मिलिमीटर असते.

वाय-फाय हवंच का?

नाही. घरातले तिघं-चौघं वापरणार असतील तर सोय आहे. एकट्याला यूएसबी पुरते.

माझ्या लॅपटॉपशी जुळेल हे कसं कळणार?

स्कॅनर आणि संगणकातलं सॉफ्टवेअर यांना जोडणारी ट्वेन नावाची जुनी प्रमाण पद्धत आहे. ती असेल तर स्कॅनर कंपनीच्या सॉफ्टवेअरशिवायही वापरता येतो. काही चांगली यंत्रं मात्र फक्त कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर चालतात आणि ट्वेन देत नाहीत. रोजच्या वापरात त्रास नाही, पण पाच-सात वर्षांनी कंपनीनं ते सॉफ्टवेअर बंद केलं तर यंत्र धडधाकट असूनही अडगळीत जातं. लिनक्स वापरणाऱ्यांनी सेन (लिनक्सवर स्कॅनर चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर) याच्या यादीत मॉडेल बघूनच पैसे द्यावेत.

स्कॅन झाल्यावर मूळ कागद टाकून दिले तर?

वीजबिलं, जुन्या पावत्या, वॉरंटी संपलेली कार्डं खुशाल टाका. खरेदीखत, इच्छापत्र, शेअर सर्टिफिकेट, जन्माचे आणि शिक्षणाचे मूळ दाखले कधीही नाही. कर्ज घेताना बँक मूळ मागते, कोर्टही मागतं. स्कॅन असला की कागद हरवल्यावर दस्त क्रमांक आणि तारीख हाताशी राहते, आणि नक्कल काढणं खूप सोपं जातं. त्याचा मोठा फायदा तोच.

डिजिलॉकरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संबंधित खात्यानं तिथे थेट जारी केलेला परवाना किंवा गुणपत्रिका नियमानुसार मूळ कागदाच्या बरोबरीची धरली जाते. तुम्ही स्वतः स्कॅन करून चढवलेली फाइल ही फक्त तुमची साठवण. तसंच महाभूमी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून घेतलेला डिजिटल सहीचा सातबारा पीडीएफ म्हणूनच जपा. छापून पुन्हा स्कॅन केला की ती सही पडताळता येत नाही.

फाइल कोणत्या प्रकारात आणि कुठे ठेवू?

कागद पीडीएफमध्ये, सॉफ्टवेअर देत असेल तर पीडीएफ-ए, ती दीर्घकाळ जपण्यासाठीच ठरवलेली आहे. नावाची सुरुवात वर्ष-महिना-दिवस अशी करा, म्हणजे यादी आपोआप तारखेनं लागते: ‘१९९८-०६-१२ खरेदीखत गट नंबर’. घरच्या साठ्याला देवनागरी नावं उत्तम चालतात. सरकारी पोर्टलवर चढवायची प्रत मात्र रोमन अक्षरांत, मोकळ्या जागा न सोडता, कारण काही पोर्टल देवनागरी नाव घेत नाहीत.

प्रती तीन ठेवा: एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवर किंवा दुसऱ्या गावी बहिणीकडे ठेवलेल्या डिस्कवर असू शकते. संवेदनशील कागदांच्या पीडीएफला पासवर्ड घाला आणि तो घरातल्या आणखी एकाला ठाऊक असू द्या.

स्कॅनवर उभी रेघ येते.

एडीएफच्या अरुंद काचेवर धुळीचा कण किंवा गोंदाचा ठिपका बसलाय. कागद सरकतो आणि कण जागचा हलत नाही, म्हणून रेघ. यंत्र बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं किंचित ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्यानं पुसा. पाणी किंवा फवारा थेट काचेवर नको. दोन कागद एकदम जात असतील तर रोलरही तसेच पुसा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, कागद दमट होऊन चिकटतात. गठ्ठा आधी पंख्याखाली ठेवा, पत्त्यांसारखा पिसा, पिना आणि स्टेपल काढल्यात ना ते बघा.

बजेट किती धरू? जुना घेतला तर?

साधा फ्लॅटबेड पाच-सात हजारांच्या आसपास, दोन्ही बाजूंचा चांगला एडीएफ वीस-पंचवीस हजारांपासून पुढे. भाव हलते असतात, त्यामुळे घेण्याच्या आठवड्यात दोन-तीन ठिकाणी विचारा. बिलावर वॉरंटी आणि जवळच्या सर्व्हिस सेंटरचं नाव आहे ना ते पाहा.

जुना फ्लॅटबेड घ्यायला हरकत नाही. काचेवर ओरखडे नकोत, आणि तुमच्या विंडोजसाठी ड्रायव्हर मिळायला हवा. जुन्या एडीएफचे रोलर झिजलेले असतात. नवा रोलर संच त्या मॉडेलसाठी अजून मिळतो का आणि केवढ्याला, हे विचारल्याशिवाय सौदा करू नका. तपासायला जाताना आपलेच कागद न्या: एक लीगल आकाराचा करार, एक पातळ पावती, एक पासबुक, आणि बारीक मराठी टाइपचं एक पान.